डावरा हिरो

दौंडचा तंबूतला सिनेमा बंद होऊन चाळीस वर्षं झाली, म्हणून आम्ही त्याच मैदानावर कापडी पडदा बांधून एक जुना पिक्चर लावायचं ठरवलं. पाहुणे म्हणून म्हाळूआप्पांना बोलावलं, कारण तो पिक्चर त्यांनी अकरा वेळा बघितलेला.

शाल-नारळ घेऊन आप्पा माईकवर म्हणाले, "तवा निम्मं दौंड पडद्यामागच्या रानात बसून फुकट बघायचं. आपण न्हाई. आपण कायम तिकीट काढून, पुढनं."

टाळ्या पडल्या, पिक्चर सुरू झाला. हिरोनं उजव्या हातानं पिस्तूल काढलं तसे आप्पा उठले.

"बंद करा. रीळ उलटं लावलंय. हिरो डावरा हाय."

मशीनवरच्या प्रांजलनं रीळ तपासलं. "बरोबर आहे आप्पा. हिरोच्या मागच्या दुकानाची पाटी बघा की, अक्षरं सरळ दिसतायत."

"पाटीचं मला सांगू नको. अकरा वेळा बघितलाय. दरवेळी डाव्या हातानंच गोळी घातली त्यानं."

पब्लिक शिट्ट्या मारायला लागलं, तरी आप्पा खाली बसेनात. शेवटी त्यांच्या बायकोनं, ताईबाईंनी, त्यांची खुर्ची उचलली आणि पडद्याच्या मागं नेऊन ठेवली. आप्पा पुटपुटत तिकडं जाऊन बसले. पिक्चर परत सुरू झाला.



थोड्या वेळानं पडद्यामागून समाधानानं आवाज आला, "हां, आता कसा बराबर लावला."