रिकामा बाक

बाबा गेले, तरी त्यांच्या मित्रांनी दिवाळीनंतरचा रविवार मोडला नाही. दरवर्षीसारखे ते नायगावच्या फ्लॅटवर जमले आणि तोच जुना, कृष्णधवल इटालियन सिनेमा लावला.

"इतकी वर्षं बघतोय, पण इटालियनमध्ये चहा मागता येईल तर शपथ!" शत्रुघ्नकाका म्हणाले. "रडायची जागा मात्र पाठ आहे."

आई हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. ज्ञानदाला हायसं वाटलं. आता आईच तेवढी उरली होती.

शेवटचा प्रसंग आला. समुद्रकिनारा आणि रिकामा बाक. लाटा नीट ऐकू याव्यात म्हणून बाबा इथे उठून पंखा बंद करायचे. आज तो ज्ञानदाने बंद केला.

बाकाच्या एका टोकाला कुणीतरी पाठमोरं बसलं होतं.

"काका, हा कोण?"

"कुठे कोण? बाक रिकामाच असतो, बाळा. म्हणून तर रडू येतं." काकांनी डोळे पुसले.

त्या माणसाने शेजारच्या जागेवर हलकेच थोपटलं. सोफ्यावर बसून बाबा आईला असंच बोलवायचे.

ज्ञानदाने घाईघाईने टीव्ही बंद केला. लाटांचा आवाज थांबला नाही.

मागे आईने पदर सावरला.

"आले हो," ती म्हणाली.