आधी तंबोरा ऐक

“आधी तंबोरा ऐक. गाणारी नंतर. घाई केलीस तर दोन्ही हातचं जाईल.”

नवऱ्याचं वाक्य मनात घोळवत तिने त्याचा मोठा हेडफोन कानांवर चढवला आणि पहिली कॅसेट लावली. तो जाऊन महिना झाला होता.

सभा-समारंभांना माइक आणि भोंगे भाड्याने द्यायचा त्याचा धंदा. सगळे त्याला माइकवालेच म्हणत. दवाखान्यातल्या शेवटच्या दुपारी त्याने बायकोला खोक्यातल्या एकवीस कॅसेटींचं सांगितलं. “रोज एक. क्रमाने. मग जिचा आवाज आहे तिच्याकडे जा. पायाशी बस आणि म्हण, गा.”

“कोण आहे ती?”

“नाही सांगता येत. तिला शब्द दिलाय.”

“मग जाऊ कुठे? पत्ता?”

“शेवटच्या कॅसेटमध्ये आहे. ऐकता आलं पाहिजे फक्त.”

तिने त्याचा हात धरून हो म्हटलं. जाणाऱ्या माणसाशी काय हुज्जत घालायची?

खरं तर गाण्याशी तिचं कधी पटलंच नव्हतं. धुलाई कारखान्यातल्या आठ यंत्रांची घरघर डोक्यात घेऊन ती संध्याकाळी घरी यायची. अकरा वर्षांपूर्वी, मुलीच्या मोठ्या परीक्षेच्या वर्षी तर ती एकदा सगळ्यांसमोर कडाडली होती, “या घरात पुन्हा सूर ऐकू आला तर मी घर सोडून जाईन!” रेडिओ माळ्यावर गेला. मुलगी पास झाली, नोकरीला लागली, सासरी गेली. रेडिओ काही खाली आला नाही.

आता सकाळचा क्रम ठरला. आंघोळ, आतल्या खोलीत सासूबाईंना चहा, मग कॅसेट, मग काम. सासूबाई ऐंशीला टेकलेल्या. त्यांची वाचा जाऊन अकरा वर्षं झाली होती. डॉक्टरांना घशात काही सापडलं नाही. वय, म्हणाले. हो-नाही मानेने चालायचं. चहा पिताना त्यांची बोटं बशीच्या काठावर हलत राहायची. तेही वयच.

पहिल्या दिवशी तिला एका बाईचं नुसतं ‘आ’ ऐकू आलं. दुसऱ्या दिवशीही तेच. त्या नादात भाजीत दोनदा मीठ पडलं. पाचव्या दिवशी कारखान्यात चौथ्या यंत्राजवळ ती एकदम थांबली. घरघर एकाच सुराला धरून होती, तंबोऱ्यासारखी.

“काय हो, यंत्र बिघडलं का?” मुकादमाने विचारलं.

“नाही. छान लागलंय.”

मुकादम दिवसभर तिच्याकडे बघत राहिला.

नवव्या दिवशी तिला ती बाई दिसू लागली. म्हणजे चेहरा नाही, चाल. वरच्या ‘सा’च्या उंबरठ्यापर्यंत यायची, दाराला हात न लावता परत फिरायची. पुन्हा यायची, पुन्हा फिरायची. आणि अगदी शेवटी, कुणाची झोप मोडू नये तसं दार लोटून आत यायची. तिने हेडफोन काढला तेव्हा कानांवरच्या गाद्या आसवांनी ओल्या झाल्या होत्या.

पंधराव्या दिवशी मुलगी आली. तिने एक कॅसेट ऐकून पाहिली आणि खोकं उलटंपालटं केलं.

“आई, सगळ्यांवर तारखा आहेत. सगळे मंगळवार. मंगळवारी दुपारी बाबा दुकान बंद ठेवायचे, ठाऊक होतं तुला?”

“नव्हतं.”

“शेवटचीच लाव ना मग. होऊन जाऊ दे एकदाचं.”

“नेम म्हणजे नेम.”

“अगं, टाळ्या नाहीत, वाहवा नाही, तबला नाही. बंद खोलीत एक बाई आणि बाबा! तुला काहीच वाटत नाही?”

“गेलेल्या माणसाची उलटतपासणी घेऊ?” ती हळूच म्हणाली. भिंतीवरचं घड्याळ तेवढ्यात म्हाताऱ्यासारखं खाकरलं आणि त्याने चार ठोके दिले. पाच वाजले होते. शेवटचा ठोका ते नेहमी गिळून टाकायचं. शिवाय आठवड्यातून एकदा तास-दीड तास मागेही पडायचं. ती कुरकुरायची, तर नवरा काटे पुढे करत म्हणायचा, “त्याचाही दुपारी डोळा लागतो गं.” तो गेल्यापासून मात्र मागे पडलं नव्हतं.

वाटत होतं. न वाटून कसं चालेल? कपड्यांच्या ढिगासमोर उभी राहून ती त्या बाईचं घर मनात उभं करायची. पडदे, तक्क्या, नवऱ्यासाठी बाजूला ठेवलेला पेला. छातीत कळ उठायची. आणि सकाळी तोच आवाज लागला की कळ विरघळायची. असं गाणाऱ्या बाईचा राग कसा करायचा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

एकविसाव्या दिवशी तिने रजा काढली. इस्त्रीची साडी नेसली, पिशवीत पाण्याची बाटली घातली, चपलाही पायात सरकवल्या. पत्ता कळला की लगेच निघायचं. उशीर केला तर धीर सुटेल. मग उभ्याउभ्याच शेवटची कॅसेट लावली.

आवाज आज थकलेला होता, पण ‘सा’ तसाच, दार लोटल्यासारखा. गाणं संपलं. तंबोरा थोडा वेळ एकटा वाजत राहिला. मग घड्याळ खाकरलं आणि चार ठोके पडले.

तिने सवयीने भिंतीकडे पाहिलं. सव्वासात.

तिने हेडफोन काढला. घर शांत होतं. पुन्हा चढवला, कॅसेट मागे नेली. खाकरणं. एक, दोन, तीन, चार. पाचवा गिळलेला.

कॅसेट फिरतच होती. तंबोरा थांबला आणि नवऱ्याचा आवाज आला, अगदी हळू.

“पुरे आता, आई. ती यायची वेळ झाली.”

तिने पिशवी खाली ठेवली, पायातल्या चपला काढल्या आणि आतल्या खोलीकडे निघाली.