दुलईची रुई

रुखमाबाईच्या नातवाच्या दुलईसाठी सईद पिंजाऱ्यानं ओसरीवर रुई पिंजली. तो गेल्यावर मुसलमानाचा हात लागला म्हणून तिनं रुईवर गोमूत्र शिंपडलं. सकाळी रुईच्या ओल्या गुठळ्या! नवरा वामनराव भडकताच तिनं आपला दोष सईदवर ढकलला. "त्यानंच नासवली." वामनरावांनी सईदला बोलावलं. "काऊन बे, अशी पिंजतात रुई? अख्ख्या वरवट गावात तुले आता कोणी काम देणार नाही!" सईदनं गुठळी नाकाशी नेली. वास त्याला कळला. रुखमाबाई दाराआड सरकली. तिच्याकडे न पाहता तो म्हणाला, "दवानं भिजली, पाटील. वाळू द्या, पुन्हा पिंजतो." दुपारभर धनुकलीसारख्या पिंजणाची तात वाजत राहिली. काम संपलं तशी रुखमाबाई आत गेली. गोमूत्राची वाटी न आणता तान्ह्या नातवाला घेऊन आली. सईदच्या देखत तिनं बाळाला त्याच रुईवर निजवलं. "सईदभाऊ, याच्या डोक्यावर हात ठेवा."