उजवा डोळा

योसेफनं बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला, मातीच्या मरियेच्या तोंडापर्यंत नेला आणि पुन्हा वाटीच्या काठावर ठेवून दिला.

चर्चच्या हॉलमध्ये नाताळच्या गोठ्यांची, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यांची, टेबलं भिंतीला लागून मांडली होती. यंदाच्या स्पर्धेला विषय दिला होता, ‘येशू आपल्या गावात जन्मला तर’. योसेफच्या टेबलावर कडबा पसरून झाला होता. उजव्या टोकाला गव्हाण खिळा मारून पक्की बसवलेली, आणि तिच्यात डोळे मिटलेलं बाळ. बाकीची माणसं बोटाएवढी, शाडूची. ती अजून पाटीत आडवी होती. नऊवारीतली मरिया, फेट्यातला योसेफ, घोंगडी पांघरलेले धनगर, आणि बाळाला भेटायला आलेल्या तीन ज्ञानी लोकांच्या जागी मास्तर, नर्स आणि एसटीचा कंडक्टर. सगळ्यांना कपडे होते, भुवया होत्या, ओठ होते. डोळा मात्र एकेकच होता. डावा.

योसेफची बायको डोळे असेच करायची. तिचंही नाव मरियाच. आधी सगळ्यांचे डावे करायचे, मग सगळ्यांचे उजवे. हाताला एकदा वळण बसलं की मधे मोडायचं नाही, म्हणायची. कपडे योसेफनं रंगवायचे, तोंडं तिनं. दिवाळीच्या सुमाराला तिनं डावे डोळे संपवले, ब्रश धुतला, ओठांत धरून त्याचं टोक केलं आणि म्हणाली, “उजवे उद्या.” दुसऱ्या दिवशी तिला नगरच्या दवाखान्यात नेलं. तिथून तिला झाकूनच आणलं.

“पप्पा, मी करू का?” प्रार्थनानं विचारलं.

“तुझा हात तुझ्या आईवानी न्हाई.”

“मग तुमचा आहे?”

लेकीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. “राहू द्या मग. या वर्षी नाही मांडला तर लोक समजून घेतील.”

“लोकान्ला काय करायचंय. ती म्हनली हुती, औंदा मांडायचाच.”

शेजारच्या टेबलाशी गोजरबाई आपल्या गल्लीच्या गोठ्याला पताका लावत होती. ती पाटीत डोकावली.

“अगं बया, कंडक्टर एका डोळ्याचा? आन् ह्यो तिकीट कसं फाडनार?”

“डाव्या डोळ्यानं,” योसेफ म्हणाला.

गोजरबाई हसली. मग तिच्या ध्यानात आलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. पताका खाली ठेवून ती हळू आवाजात म्हणाली, “भाऊ, पुसून टाक नं सगळे. दोन्ही डोळे तुझ्या हातनं काढ. वाईट का व्हईना, जोडी तरी जमंल.”

योसेफनं पाटी स्वतःकडं ओढून घेतली.

“पुसायचं न्हाई.”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. नगरहून परीक्षक आले होते. हॉलमधल्या बायका घाईनं दिव्यांच्या माळा लावायला लागल्या.

योसेफनं मातीचा योसेफ उचलला. याचं तोंड तर ती कधीच त्याला करू देत नव्हती. तुला तुझं तोंड कुठं ठाऊक हाय, म्हणायची. नाक तिनं योसेफसारखंच थोडं बसकं केलं होतं आणि डावं बुबुळ खाली बाळाकडं वळवलं होतं.

“बिघडला तर माझा मी बिघडलो,” तो म्हणाला आणि श्वास धरून ब्रश टेकवला.

बुबुळ सरकून पार बाहेरच्या कडेला गेलं.

प्रार्थनानं ओला कापूस पुढं केला. त्यानं घेतला नाही. पुसलं असतं तर ओघळ डाव्या डोळ्यावर गेला असता. त्यानं ब्रश धुतला, खिशात ठेवला आणि माणसं मांडायला घेतली.

टेबलासमोर उभं राहिलं की हॉलचं दार डाव्या हाताला होतं. एकेकाला त्यानं दाराकडं तोंड करून उभं केलं, म्हणजे लोकांना त्यांची डोळ्याची बाजू दिसावी. धनगर दाराकडं. मास्तर, नर्स, कंडक्टर दाराकडं. मेंढरंसुद्धा. मरियेला तिच्या जागी, गव्हाणीला लागून ठेवलं. तिचंही तोंड दाराकडं. एकट्या योसेफालाच दोन्ही डोळे होते. त्याला त्यानं गव्हाण त्याच्या डाव्या हाताला येईल असं, लोकांकडं तोंड करून उभं केलं.

पाळकसाहेब परीक्षक बाईंना घेऊन आले. बाईंनी नऊवारीचे काठ पाहिले, घोंगडीवरच्या रेघा पाहिल्या, मान डोलावली. मग त्या थांबल्या.

“हे उलटं बसलंय का हो? आईची पाठ बाळाकडं झालीय.” मरियेला फिरवायला त्यांनी बोट पुढं केलं.

“नका फिरवू, बाई,” योसेफ म्हणाला.

“अहो, पण आई आहे ती.”

“व्हय. पन ती निघाली.”

बाईंचं बोट तसंच राहिलं. त्यांनी पाळकसाहेबांकडं पाहिलं. पाळकसाहेब खाली कडब्याकडं बघत होते.

“मग बाळाकडं कोण बघणार?” बाईंनी विचारलं.

योसेफनं फेटेवाल्याकडं बोट केलं.

“ह्यो हाय की.”

बाई वाकल्या. मातीच्या योसेफाचा डावा डोळा बाळावर होता. उजवा दाराकडं लागला होता.