पाणमांजराची नोंद

"पाणमांजर? पुन्हा?"

विज्ञानाच्या बाईंनी कागद टेबलावर आपटला. सहावीच्या मुलांनी महिनाभर नदीकाठचे प्राणी-पक्षी टिपायचे, नोंदी वनखात्याकडे जायच्या, असा उपक्रम होता. नियम एकच: स्वतः पाहिलं तेवढंच लिहायचं. बाकी सगळ्यांच्या कागदांवर कावळे, साळुंख्या, बेडूक. पिटुकलीच्या कागदावर मात्र सलग चौथ्या आठवड्यात पाणमांजर! वर्गात सगळ्यांत लहानखुरी, म्हणून ती पिटुकली. उत्तम नोंदींना दुर्बीण बक्षीस होती. बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

त्यात अक्षरही तिचं नव्हतं. मोठ्या माणसाचं होतं.

"कुणी लिहून दिलं?"

"मीच," पिटुकली बुटांकडे बघत पुटपुटली.

"असं? मग उद्या सकाळी मला दाखव तुझं पाणमांजर."

सकाळी दोघी शाळेमागच्या काठावर पोचल्या. तो काठ सोमवारपासून सपाट व्हायचा होता. तिथे गाड्यांचा तळ होणार होता. झुडपांशी पिवळं पोकलेन उभं होतं. त्यातून एक माणूस खाली उतरला. पिटुकली चटकन बाईंच्या मागे सरकली.

"पप्पा, मी काही सांगितलं नाही हं!"

बाईंचा संशय पक्का झाला. "अच्छा! लेकीला दुर्बीण मिळावी म्हणून तुम्ही थापा लिहून देता?"

तो सरळ पाण्याकडे चालू लागला. बाई धुसफुसत मागे गेल्या.

चिखलात ताजे ठसे होते. पाच बोटं, मध्ये पातळ पडदा. काही मोठे, काही अगदी इवले. शेजारी माशांचे खवले. बाई तिथेच उकिडव्या बसल्या.

"महिनाभर पलीकडचा काठ खणतोय," तो म्हणाला. "सकाळी आलो की दिसतात. आता पिल्लंही आहेत. हिलाही आणून दाखवली. तारीख-वेळ चुकायला नको, म्हणून लिहिलं मात्र मी."

"अहो, मग लपवलंत कशाला? संरक्षित प्राणी आहे हा, कागद वनखात्यात पोचला तर इथलं काम बंद पडेल!"

"पडू दे." त्यानं मशीनकडे पाहिलं. "फक्त माझं नाव कुठे येऊ देऊ नका, बाई. आपल्याच कामाला खीळ घालणाऱ्याच्या हातात पुन्हा कोण मशीन देईल?"