पूररेषा

संघदीप पुसदच्या नगरपालिकेत अभियंता होता आणि रंजिता राठोड तिथल्याच कॉलेजात भूगोल शिकवायच्या. वाढत्या शहरानं नदीपासून किती लांब राहावं, याचा अभ्यास दोघांनी मिळून केला. काठाकाठानं हिंडून, म्हाताऱ्याकोताऱ्यांना जुन्या पुरांच्या खुणा विचारून त्यांनी नकाशावर पूररेषा आखली, तेव्हा संघदीपची स्वतःची वस्तीच तिच्या आत आली.

"परत एकदा मोजून पाहायचं का?" रंजितामॅडमनी हळूच विचारलं.

त्यांच्या मनातलं संघदीपला कळलं. "नको मॅडम. पाणी तिथवर येतं, हे मला माहीत आहे."

वस्तीच्या विहारात बैठक भरली. घरं उठवून वरच्या मोकळ्या जागेवर न्यावी लागतील, असं त्यानं सांगताच लोक उसळले. "इथंच लहानाचा मोठा झाला, अन् आता आमालेच उठवून राह्यला काय?" कोणीतरी ओरडलं. संघदीपनं आधारासाठी वडिलांकडे पाहिलं. बाबाराव उठले आणि निघून गेले.

बैठक मोडल्यावर तो जड पावलांनी घरी आला. बाबाराव भिंतीवरचा बायकोचा फोटो उतरवून जुन्या लुगड्यात गुंडाळत होते.

"बाबा, माह्यावर रागावले काय?"

"नाही रे. तुही माय पुरात गेली, तवा आपल्याले असं सांगाले कोणीच नव्हतं. पह्यले मी निघतो. मंग बाकीचेही निघतीन."