रोज सत्तर किलोमीटर

नवऱ्याचे रिपोर्ट पाहून डॉक्टरबाई खूश झाल्या. साखर ताळ्यावर आली होती आणि नाडी तर पंचविशीतल्या पोराची वाटत होती.

"सायकलची कृपा," बायकोने तोऱ्यात सांगितलं. "ऑफिसला सायकलनेच जायचं, हा हट्ट माझा. आधी चार पायऱ्या चढले तरी भात्यासारखे फुसफुसायचे."

डॉक्टरबाईंनी त्याच्या घड्याळातले आकडे चाळले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण रोज सत्तर किलोमीटर? अहो, अशाने गुडघ्यांची वाट लागेल. जरा जवळचा रस्ता शोधा."

बायकोला हसू आलं. "सत्तर कुठले? आमच्या घरापासून ऑफिस दोन किलोमीटरवर आहे."

"यात तर सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत..." डॉक्टरबाई बोलता बोलता थांबल्या.

नवरा मान खाली घालून बसला होता.

"अहो, सांगा ना त्यांना," बायको म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "घड्याळ बिघडलंय म्हणून सांगा."

"घड्याळ बरोबर आहे," तो म्हणाला. "सात महिने झाले, मला कामावरून काढलं. एका जागी बसलं की कुणीतरी ओळखीचं भेटतं."